विशेष शिक्षक (बारामती व इंदापूर तालुके)

विशेष शिक्षक म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकविण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेला शिक्षक होय. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत, राज्यात इतरत्र असते त्याप्रमाणे, हे काम दोन खात्यांत विभागलेले आहे. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाच्या अखत्यारीत येतात, तर जिल्हा परिषदेच्या शाळांतील समावेशित शिक्षण शालेय शिक्षण विभागाकडे असते. परिणामी समान पात्रतेच्या शिक्षकांच्या सेवाशर्ती दीर्घकाळ भिन्न राहिल्या.

पात्रता व नेमणूक

विशेष शिक्षणातील पदविका किंवा पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी या शिक्षकास आवश्यक असते. समावेशित शिक्षणातील विशेष शिक्षक मात्र सर्व शिक्षा अभियानापासून कंत्राटी पद्धतीने, मानधनावर काम करीत आले. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी निकाल दिल्यानंतर केंद्र शासनाने प्राथमिक स्तरावर दहा व उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरविले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर एक याप्रमाणे ४,८६० पदांना मान्यता दिली. एका केंद्रात अनेक शाळा येतात, हे ध्यानात घेतल्यास या संख्येची मर्यादा कळते.

कामाचे स्वरूप

हा शिक्षक एका वर्गाचा नसतो. तो शाळाशाळांतून फिरतो. नीरा डाव्या कालव्याकाठची गावे दाट वस्तीची आहेत, परंतु बारामतीचा जिरायत पट्टा आणि इंदापूरची उजनी जलाशयाकाठची वस्ती विखुरलेली आहे. तेथे दिवसाचा बराच भाग प्रवासात जातो. ब्रेल, खाणाखुणांची भाषा व वाचासराव शिकविणे, मोजमाप शिबिरातून श्रवणयंत्र किंवा कॅलिपर मिळवून देणे, दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी पालकांचा पाठपुरावा करणे ही कामे त्याच्याकडे असतात. तीव्र दिव्यांग बालकास घरी जाऊन शिकविण्याच्या पद्धतीस गृहाधारित शिक्षण म्हणतात.

माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊसतोड कुटुंबे या भागात येतात. त्यांच्यासोबत कोपीवर आलेल्या दिव्यांग मुलाची ओळख पटून सराव रुळतो, तोच हंगाम संपतो. गावी परतल्यावर तेथील शिक्षकाला बहुधा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

सहायक कर्मचारी

निवासी विशेष शाळांत काळजीवाहक मुलांचे स्नान, शौच, जेवण आणि रात्रीची देखरेख पाहतात. मुलाला झटका येण्यापूर्वीची लक्षणे पुष्कळदा त्यांनाच प्रथम उमगतात. तरीही शिक्षकदिनाच्या सत्कारात त्यांचे नाव क्वचितच असते. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य शाळांत असे पद नसल्याने आई किंवा आजी शाळेत बसून राहते. समग्र शिक्षेतील मदतनीस भत्ता हा त्यावरील अल्पसा उपाय आहे.

सत्कारापेक्षा साध्या सोयींचा या शिक्षकांना अधिक उपयोग होतो: शाळेत ठरलेली खोली व ठरलेली वेळ, वेळेवर मिळणारे प्रवासदेयक, आणि भेटीच्या वेळी वर्गशिक्षकाची उपस्थिती. यांपैकी शेवटची सर्वांत मोलाची आहे, कारण विशेष शिक्षक पुढच्या शाळेकडे निघाल्यावर पुढील भेटीपर्यंत मुलाचा सराव वर्गशिक्षकालाच घ्यावा लागतो.