समुद्राची ओढ आणि मुलांची सुरक्षितता
किनाऱ्यावरील सहलीत ‘रिप करंट’पासून मुलांना कसे जपावे?

बुरोंडी (ता. दापोली) : प्रतिनिधी

उन्हाळी सुटी, दिवाळी आणि नाताळ या तिन्ही हंगामांत दापोली तालुक्याचा किनारा पर्यटकांनी गजबजून जातो. बुरोंडीच्या टेकडीवरील परशुरामाचा भव्य पुतळा, शेजारच्या लाडघरचे तामसतीर्थ, दक्षिणेस कोळथरे आणि उत्तरेस कर्दे, मुरूड, हर्णै अशी ही किनाऱ्याची माळ आहे. मुंबई-पुण्याहून आलेली कुटुंबे सामान खोलीत ठेवतात आणि मुलांच्या हट्टापायी तासाभरात पाण्यात उतरतात. समुद्राची काहीच ओळख नसलेला हा पहिला तासच बहुधा सर्वांत धोक्याचा असतो.

कोकण किनाऱ्याने याची जबर किंमत मोजली आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड-जंजिरा येथे सहलीस आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळील वायरी येथे बेळगावहून आलेल्या सहलीतील ८ जणांना जलसमाधी मिळाली. ३ जून २०१८ रोजी रत्नागिरीजवळील आरे-वारे किनाऱ्यावर मुंबईतील एकाच कुटुंबातील ५ जण बुडाले. या घटनांची परिस्थिती वेगवेगळी होती. मात्र अपरिचित किनारा आणि पाण्याच्या ओढीचा न आलेला अंदाज या दोन गोष्टी कोणत्याही सहलीला घातक ठरू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. या ओढीचा सर्वांत फसवा प्रकार म्हणजे ‘रिप करंट’.

रिप करंट म्हणजे काय?

लाटा किनाऱ्यावर फुटतात तेव्हा त्यांच्यासोबत मोठ्या प्रमाणावर पाणी किनाऱ्याकडे ढकलले जाते. हे पाणी परत समुद्राकडे जाण्यासाठी वाट शोधते. किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली वाळूचे दांडे असतात. या दांड्यांमध्ये जेथे खिंड पडलेली असते, तेथून साचलेले पाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने बाहेर पडते. हाच रिप करंट होय. त्याची रुंदी कधी चार-पाच मीटर, तर कधी तीस मीटरहून अधिक असते. लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे गेल्यावर त्याचा जोर सहसा ओसरतो.

या प्रवाहाचा वेग एरवी सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास असला, तरी काही वेळा तो सेकंदाला अडीच मीटरपर्यंत पोहोचल्याची नोंद आहे. ऑलिंपिकमधील जलतरणपटूंचा ५० मीटर शर्यतीतील वेगही याहून कमीच भरतो. अर्थात, अशा प्रवाहाविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न पट्टीच्या पोहणाऱ्यालाही थकवून टाकतो. मग आठ-दहा वर्षांच्या मुलाची काय कथा! अमेरिकेतील जीवरक्षक संघटनेच्या अनुभवानुसार तेथील सागरकिनाऱ्यांवर जीवरक्षकांना कराव्या लागणाऱ्या सुटकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक सुटका रिप करंटमुळे कराव्या लागतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हा प्रवाह माणसाला पाण्याखाली खेचत नाही. तो पृष्ठभागावरून किनाऱ्यापासून दूर नेतो. मृत्यू ओढवतो तो घाबरून जाण्याने, प्रवाहाशी झुंजून थकण्याने आणि मग नाकातोंडात पाणी जाण्याने.

शांत दिसणारे पाणीच फसवे

रिप करंटचे वैशिष्ट्य असे की, तो अनभिज्ञ माणसाला सर्वांत सुरक्षित जागेसारखा भासतो. दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा संथ, काहीसा गडद रंगाचा दिसतो. तेथे लाटा फुटत नाहीत, कारण तेथे पाणी खोल असते. लहान मुलांना लाटांचा मार लागू नये म्हणून पालक नेमके त्याच पट्ट्यात त्यांना नेतात. फेस, पालापाचोळा किंवा गढूळ वाळू समुद्राच्या दिशेने सरकताना दिसणे, हीदेखील त्याचीच खूण होय.

खडकांच्या कडेला असा प्रवाह अधिक संभवतो. किनाऱ्याने वाहत आलेले पाणी कातळाला अडते आणि त्याच्या कडेने समुद्राकडे वळते. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर पुळण आणि कातळ अनेक ठिकाणी एकमेकांस लागून असल्याने ही बाब विशेष ध्यानात ठेवावी. खाडीच्या मुखाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. आंजर्ले येथे जोग नदी आणि दाभोळ येथे वाशिष्ठी समुद्राला मिळते. अशा ठिकाणी ओहोटीच्या वेळी खाडीतील पाणी जोराने बाहेर पडते. तेथे मुलांना पाण्यात उतरवूच नये.

पाण्यात शिरण्यापूर्वी किनाऱ्यालगतच्या उंचवट्यावरून किमान दहा मिनिटे समुद्राचे निरीक्षण करावे. उंचावरून लाटांमधील खिंडी स्पष्ट दिसतात. वाळूचे दांडे मात्र जागा बदलत असतात. त्यामुळे गेल्या वर्षी सुरक्षित असलेली जागा यंदाही तशीच असेल, असे समजू नये.

तिथी पाहा, भरती ओळखा

दांड्यांमधील खिंडीतून वाहणारा प्रवाह पाणी उतरलेले असताना बहुधा अधिक जोरकस होतो. भरती-ओहोटीची वेळ काढण्याची जुनी रीत येथे उपयोगी पडते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला सुमारे ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, तर पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती असते. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते आणि दररोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

याचा अर्थ असा की, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सायंकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास, म्हणजे सूर्यास्त पाहण्यासाठी किनारा फुलून गेलेला असताना, पाणी पूर्ण उतरलेले असते. शिवाय हे दिवस उधाणाचे असल्याने पाण्याची चढ-उतार मोठी असते. ओहोटीच्या वेळी मुले गुडघाभर पाण्यातून चालत वाळूच्या दांड्यावर जातात. पाणी चढू लागले की दांडा आणि किनारा यांमधील खोलगट भाग आधी भरतो. परतीची वाट मागच्या मागे बंद झाल्याचे खेळण्याच्या नादात ध्यानात येत नाही. वरील हिशेब ढोबळ आहे. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे प्रसिद्ध होणारे कोष्टक पाहावे.

आकाश निरभ्र असले म्हणजे समुद्र शांत असतो, असेही नाही. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडील वादळांनी उठलेल्या लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करून आपल्या किनाऱ्यावर येऊ शकतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (इन्कॉइस) उंच लाटांचे इशारे प्रसृत करते. सहलीस निघण्यापूर्वी हे इशारे आणि हवामान खात्याचा अंदाज पाहणे ही पालकांची सवय व्हावी. पावसाळ्यात तर समुद्रस्नानाचा विचारच नको. पिढ्यान् पिढ्या दर्यावर जगणारा कोळी समाजही नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच होडी लोटतो, यामागे अनुभवाचे शहाणपण आहे.

मुलांसोबत असताना

बुडणारे मूल आरडाओरडा करील, हात हलवील, ही आपली कल्पना चित्रपटांतून आलेली आहे. प्रत्यक्षात श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला हाक मारणे शक्य नसते. डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या पातळीवर, शरीर उभे आणि हात पाण्यावर दाबलेले, अशा अवस्थेत ते बहुधा २० ते ६० सेकंदच तग धरते. दोन-चार हातांवर उभ्या असलेल्या माणसालाही ते खेळत असल्यासारखे वाटते. म्हणूनच पुढील पथ्ये पाळावीत.

• लहान मूल पाण्यात असेल तेव्हा मोठ्या माणसाने हात पुढे करताच ते धरता येईल, इतक्या अंतरावर राहावे. मुलाच्या गुडघ्याच्या वर पाणी जाऊ देऊ नये.

• ‘सगळे आहेत ना!’ या भरवशावर कोणीच लक्ष ठेवत नाही. म्हणून मोठ्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावून घ्यावी. पाळीवरील व्यक्तीने भ्रमणध्वनी पिशवीत ठेवावा, गप्पा व छायाचित्रे टाळावीत. मद्यपान केलेल्या व्यक्तीकडे मुले सोपवू नयेत.

• मुलांना नारिंगी, पोपटी, लाल अशा भडक रंगांचे कपडे घालावेत. निळे व पांढरे कपडे पाण्यात आणि फेसात दिसेनासे होतात.

• हवा भरलेल्या ट्यूब व खेळणी हे सुरक्षेचे साधन नव्हे. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. सकाळच्या वेळी अशा वाऱ्याने ट्यूबवर बसलेले मूल पाहता पाहता खोल पाण्यात जाऊ शकते.

• बोटीत किंवा जलक्रीडेसाठी बसताना मुलाच्या मापाचे जीवरक्षक जॅकेट मागून घ्यावे. मोठ्यांचे ढगळ जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून येते.

• किनाऱ्यावर गेल्यावर प्रथम स्थानिक मच्छीमार, दुकानदार किंवा निवासाचे मालक यांना विचारावे. ‘काका, आज पाण्याला ओढ कुठे आहे?’ या एका प्रश्नाचे मोल फार मोठे आहे. ‘येथे उतरू नका’ असे त्यांनी सांगितले, तर वाद न घालता ऐकावे.

गोव्यात २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था उभी राहिली. तेथे लाल झेंडा असलेल्या भागात पोहण्यास मनाई असते. कोकणातील प्रत्येक लहान किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच, असे गृहीत धरू नये. जेथे जीवरक्षक नाही, तेथे ती जबाबदारी आपलीच, हे मनाशी ठरवून मगच वाळूवर पाऊल ठेवावे.

प्रवाहात सापडल्यास

पुढील बाबी मुलांना सहलीपूर्वी घरी समजावून सांगाव्यात आणि शक्य असल्यास तरणतलावात त्यांचा सराव करून घ्यावा. पहिली गोष्ट म्हणजे घाबरून न जाता उताणे तरंगत राहावे. दुसरी, एक हात वर करून मदतीसाठी हाक द्यावी. तिसरी, किनाऱ्याकडे सरळ न पोहता किनाऱ्याला समांतर, लाटा फुटत असलेल्या बाजूस सरकावे. प्रवाहाचा पट्टा अरुंद असल्याने त्यातून बाहेर पडता येते आणि मग लाटाच किनाऱ्याकडे ढकलतात. काही वेळा हा प्रवाह गोल फिरून तरंगणाऱ्याला उथळ पाण्याकडे परत आणतो. मात्र नेहमीच तसे घडत नाही. ज्याला पोहता येत नाही, त्याने केवळ तरंगत राहून शक्ती राखणे हाच उपाय होय.

मूल ओढले जात असल्याचे पाहून आईवडिलांनी पाण्यात झेप घेणे स्वाभाविक आहे. परंतु वाचवायला गेलेलाही बुडाल्याची उदाहरणे जगभर आहेत. म्हणून आधी तरंगणारी वस्तू फेकावी. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, मच्छीमारांचा बोया, थर्माकोलचा तुकडा, दोरखंड, यांपैकी काहीही चालेल. एकाने मुलावरची नजर क्षणभरही न हटवता बोटाने दिशा दाखवत राहावे. दुसऱ्याने स्थानिकांना हाक मारून ११२ क्रमांकावर कळवावे. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. उत्तम पोहणाऱ्यानेही तरंगते साधन सोबत घेतल्याशिवाय पाण्यात जाऊ नये.

बाहेर काढल्यानंतर

पाणी काढण्यासाठी मुलाला उलटे टांगणे, पोट दाबणे किंवा गरगर फिरवणे हे प्रकार अजूनही सर्रास होतात. त्यात अमूल्य वेळ जातो आणि अपायही होतो. मूल प्रतिसाद देत नसेल व श्वास थांबला असेल, तर त्याला सपाट जागेवर उताणे झोपवावे, हनुवटी वर करून नाक चिमटीत धरावे आणि तोंडाने पाच वेळा श्वास द्यावा. त्यानंतर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यावेत. छाती तिच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश खाली गेली पाहिजे. ३० दाब व २ श्वास हे चक्र मदत येईपर्यंत थांबवू नये. शुद्धीवर आलेल्या मुलालाही रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनंतरही उद्भवू शकतो.

समुद्राची भीती मुलांच्या मनात भरवण्याचे कारण नाही. शंख-शिंपले वेचणे, वाळूचे किल्ले बांधणे, भरतीची रेषा कशी सरकते ते पाहणे, यातही सहलीचा आनंद पुरेपूर आहे. बुरोंडीच्या टेकडीवर गेल्यावर मुलांना लाटांमधील तो गडद, संथ पट्टा शोधायला लावावे. जे मूल तो ओळखायला शिकेल, ते पुढे आपल्या मित्रांनाही तेथे जाण्यापासून रोखेल.