पोस्टरवरच्या कबुतराची कुळकथा

शांततेचं पोस्टर काढायला सांगितलं की मुलं दुसरा विचार न करता पांढरं कबूतर काढतात. पंख पसरलेले, चोचीत डहाळी. कबूतर आणि ऑलिव्हचं पान ही जोडी बायबलमधल्या नोहाच्या गोष्टीइतकी जुनी आहे. प्रलय ओसरला, जमीन वर आली, ही खबर कबुतरानं चोचीतल्या पानानं दिली. पण हा पक्षी पोस्टरवर बसून जगाच्या ओळखीचा झाला तो १९४९ साली, पॅरिसमध्ये. आणि त्या पोस्टरवर तो उडत नव्हता. त्याच्या चोचीतही काही नव्हतं.

त्याआधीची शांततेची पोस्टरं वेगळ्या जातीची. १९२४ साली जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झनं ‘पुन्हा युद्ध नको’ हे पोस्टर केलं: एक हात छातीवर, दुसरा उंच उभारलेला, तोंड उघडं, केस विस्कटलेले. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर १९१४ मध्ये, तिचा धाकटा मुलगा पेटर मारला गेला होता. ते पोस्टर हाक मारतं. चित्रकार पिकासोचं १९४९ चं पोस्टर तसं काहीच करत नाही.

कबुतरं पिकासोच्या घरातलीच. मालागामध्ये त्याचे वडील कबुतरांची चित्रं काढत. त्यानं स्वतःही कबुतरं पाळली होती, आणि हे पक्षी आपसांत किती भांडतात हे त्याला पक्कं माहीत होतं. चित्रातलं कबूतर त्याला चित्रकार मातीसनं दिलेलं, मिलानच्या जातीचं. जानेवारी १९४९ मध्ये फर्नां मुर्लोच्या छापखान्यात पिकासोनं ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवलं.

लिथोग्राफीचं हे तंत्र आपल्याकडे शिळाछाप, म्हणजे दगडावरची छपाई, म्हणून रुजलेलं. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत छापलेलं पंचांग शिळाछापाचंच. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर सगळी मदार. पत्र्यावर तेलकट शाईनं काढायचं, मग पत्रा ओला करायचा. कोऱ्या जागेत पाणी टिकतं, म्हणून छपाईची शाई फक्त चित्रालाच धरते. पिकासोनं ती तेलकट शाई पाणी घालून पातळ केली आणि कुंचल्यानं सोडली. ती काबूत राहणं अवघड. थोडी जास्त झाली तर सगळं काळं, कमी पडली तर छापात येतच नाही. इथं मात्र ती पिसांच्या राखाडी छटा होऊन बसली. भोवती गडद काळं. पक्ष्याचा पांढरेपणा रंगाचा नाही, तो बव्हंशी कागदाचा आहे. लांबून नजर ओढून घेण्याची ताकद या काळ्या-पांढऱ्यातच आहे, आणि जवळ गेलं की पायांवरची पिसंही दिसतात.

एप्रिलमध्ये पॅरिसला जागतिक शांतता परिषद भरायची होती. कवी लुई आरागाँ पोस्टरसाठी चित्र शोधत पिकासोकडे आला आणि त्यानं हे निवडलं. म्हणजे हे चित्र पोस्टरसाठी काढलेलंच नव्हतं. परिषदेच्या तोंडावर, १९ एप्रिलला, पिकासोला मुलगी झाली. तिचं नाव त्यानं पालोमा ठेवलं, स्पॅनिशमध्ये कबूतर.

इथून पुढची कथा अवघड आहे आणि ती वगळू नये. परिषदेमागे कम्युनिस्ट पक्ष होते. पिकासो स्वतः १९४४ पासून फ्रेंच पक्षाचा सदस्य. फ्रेंच सरकारनं अनेक प्रतिनिधींना व्हिसा नाकारला, म्हणून परिषदेचा एक भाग प्रागमध्ये भरवावा लागला. १९५० साली विरोधकांनी पॅरिसच्या भिंतींवर आपलं पोस्टर चिकटवलं: कबुतराच्या आकाराचा रणगाडा. सोव्हिएत फौजांबद्दल गप्प राहणाऱ्यांच्या शांततेवर शंका घेणं रास्तच होतं. पण त्या चळवळीतली सगळीच माणसं कोणाची प्यादी नव्हती. मूळचे गोव्याचे गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी जागतिक शांतता चळवळीत उतरले ते अणुबॉम्बचा धोका नेमका समजल्यामुळे.

पुढच्या परिषदांसाठी पिकासो कबुतरं काढत राहिला. १९५० साली पक्षी उडाला. मग पिसं गेली, छटा गेल्या, काळी पार्श्वभूमी गेली. उरली एका ओघात काढलेली रेघ, सोबत डहाळी किंवा फुलं. अशी आकृती कुणालाही भिंतीवर, फलकावर पटकन काढता येते, म्हणून तीच जगभर पसरली, आणि मुलांच्या कागदावर येते ती तीच.

तरीही माझं मत पहिल्या कबुतराच्या बाजूनं. रेघेतलं कबूतर ही खूण आहे, पाहताक्षणी कळते आणि नजर पुढे सरकते. १९४९ चं कबूतर हा एक विशिष्ट, जिवंत, जड अंगाचा पक्षी आहे, आणि तो जखमी होऊ शकतो हे पाहणाऱ्याला कळतं. यंदा शाळेत कुणी शांततेचं पोस्टर काढणार असेल, तर त्याला आधी खिडकीवर बसलेला खरा पारवा नीट पाहून काढायला सांगा.