भिंतीवरचा कागद

12 ऑगस्ट 2021. झांबियाची राजधानी लुसाका, अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस. भल्या पहाटे तुम्हाला हुडहुडी भरली आहे. आफ्रिका म्हणजे ऊन, असं धरून तुम्ही अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आलात. इथे थंडी अजून सरलेली नाही. मतदारांची रांग शाळेच्या कुंपणाला वळसा घालून तांबड्या मातीच्या रस्त्यावर आली आहे. कमरेला चितेंगे हे रंगीत कापड गुंडाळलेल्या, मास्क लावलेल्या एक आजी विचारतात, “मुली ब्वांजी?” मागे वळून मुली शोधू नका. न्यांजा भाषेत ही ख्यालीखुशाली झाली. “ब्विनो” म्हणा.

मतदान चालू असतानाच व्हॉट्सॲप गपगार होतं. तुमच्या मेसेजशेजारी इवलंसं घड्याळ अडकून बसतं, त्याची टिक काही होत नाही. मग फेसबुक, ट्विटरही जातात. कालपरवापर्यंत सरकार म्हणत होतं, इंटरनेट बंद होणार ही निव्वळ आवई आहे. रांगेतला एक पोरगा मुकाट्याने बंदीला बगल देणारं व्हीपीएन सुरू करतो. त्याने ते आधीच घेऊन ठेवलंय.

अंधार पडल्यावर तिथेच थांबा. इथे मतं केंद्रावरच मोजतात आणि आकड्यांचा कागद, ‘जेन 20’, बाहेर चिकटवतात. माणसं मोबाइलच्या उजेडात त्याचे फोटो काढतात. खरी मेख इथे आहे. नुसत्या गप्पांना कुठलं सरकार एवढं भिणार? भिंतीवरचा एक कागद एका वस्तीपुरता; पण हजारो भिंतींवरचे कागद एका रात्रीत शेजारी शेजारी आले, की बेरीज कुणालाही करता येते.

दुसऱ्या दिवशी ‘चॅप्टर वन फाउंडेशन’ ही संस्था हायकोर्टात जाते. कोर्ट सेवा सुरू करायचा हुकूम देतं. 16 तारखेच्या पहाटे निकाल लागतो: विरोधी नेते हाकाइंडे हिचिलेमा 28 लाखांवर मतं, अध्यक्ष एडगर लुंगू 18 लाखांवर. हिचिलेमांची ही सहावी निवडणूक. 2017 साली देशद्रोहाच्या आरोपाखाली त्यांनी चार महिने तुरुंगातही काढलेत. रस्त्यावर हॉर्नचा नुसता गदारोळ.

नाचून झालं की लगेच घरी परतू नका. काटा एप्रिल 2025वर आणा. त्याच हिचिलेमांनी नव्या सायबर कायद्यांवर सही केली आहे. फसवणूक आणि बालकांचं शोषण रोखायला, असं सरकार सांगतं. अमेरिकी दूतावासाने मात्र आपल्या नागरिकांना बजावलंय, की इथे फोन आणि ईमेलवर पाळत राहू शकते.

रांगेतला तो पोरगा आता बाप्या झालाय. त्याच्या नव्या फोनवरही व्हीपीएन आहे.