निवाड्यापासून नियतीपर्यंत : ‘डूम’ या क्रियापदाचा प्रवास

इंग्रजीतील ‘डूम’ हे क्रियापद आज बहुधा ‘डूम्ड’ या कर्मणी रूपातच भेटते. एखादा प्रयत्न ‘डूम्ड टु फेल’ होता असे म्हटले, की त्याचे अपयश अटळ होते, आरंभीच ठरून गेले होते, असा अर्थ होतो. ‘अपयश त्याच्या ललाटी लिहिलेले होते’ हे त्याचे मराठी भाषांतर चुकीचे नाही. मात्र ते कोणी लिहिले, हा प्रश्न दोन्ही वाक्ये उपस्थित होऊ देत नाहीत. या शब्दाचा इतिहास नेमका त्याच प्रश्नापासून सुरू होतो.

प्राचीन इंग्रजीत ‘डोम’ हे नाम होते आणि त्याचा अर्थ कायदा किंवा निवाडा असा होता. नवव्या शतकातील राजा आल्फ्रेडच्या कायदेसंहितेला ‘डोमबोक’, म्हणजे निवाड्यांचा ग्रंथ, म्हणत. निवाडा अनुकूलही असू शकतो. त्यामुळे शब्दात अनिष्टाची छटा अपरिहार्य नव्हती. ‘डूम्सडे’ हाही मुळात न्यायाचा दिवस. त्या दिवशी पापी दंड पावणार तसे पुण्यवान तरणारही होते. निवाडा करणे यासाठी त्या काळी ‘डीम’चे पूर्वरूप वापरले जाई. आइल ऑफ मॅन या बेटावरील न्यायाधीशांना आजही ‘डीमस्टर’ म्हणतात.

1066 च्या नॉर्मन विजयानंतर राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच भाषा आली आणि पुढे न्यायालयात ‘जजमेंट’, ‘सेन्टेन्स’ हे शब्द स्थिरावले. देशी ‘डूम’कडे हळूहळू अंतिम न्यायाचे गांभीर्य तेवढे उरले. 1086 च्या जमीन-पाहणीच्या दप्तराला लोक ‘डूम्सडे बुक’ म्हणू लागले. बाराव्या शतकात रिचर्ड फिट्झनील याने त्याचे कारण दिले आहे : अंतिम न्यायाप्रमाणेच त्या दप्तरातील निर्णयही फिरवता येत नाहीत.

‘डूम’ हे क्रियापद या नामावरून मध्ययुगाच्या अखेरीस घडले आणि प्रथम ‘शिक्षा फर्मावणे’ याच अर्थाने वापरात आले. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये रोमिओ राजाच्या ‘डूम’विषयी विचारतो, तेव्हा त्याला नियती अभिप्रेत नसते, त्याला राजाचा निकाल हवा असतो, आणि तो हद्दपारीचा असतो. येथे निकाल देणारा माणूस रंगभूमीवर वावरतो आहे. पुढे न्यायाधीशाची जागा दैवाने घेतली, आणि आजच्या वापरात दैवाचेही नाव घ्यावे लागत नाही. शिक्षा राहिली, शिक्षा देणारा गेला.

मराठी वाचकाला हा प्रवास परका वाटू नये. ‘डूम’चे मूळ आणि संस्कृतातील ‘धा’ हा धातू एकाच कुळातले. दोहोंत ‘ठेवणे, घालून देणे’ हा भाव आहे. याच ‘धा’पासून आपला ‘विधी’ आला. तो विधिमंडळात कायदा असतो आणि विधिलिखितात प्राक्तन! शिवाय मराठीत ‘ठरवणे’ आणि ‘ठरणे’ अशी क्रियापदांची जोडी आहे. पहिल्याला कर्ता लागतो, दुसऱ्याचे त्यावाचून भागते. ‘डूम’ने शतकानुशतके केलेली वाटचाल ही ‘ठरवणे’कडून ‘ठरणे’कडे झालेली वाटचाल आहे, असे आम्हांस वाटते.

इतिहासलेखनात याचे परिणाम गंभीर होतात. जर्मनीतील वायमार प्रजासत्ताक जन्मतःच ‘डूम्ड’ होते, असे विधान अनेकदा वाचावयास मिळते. वस्तुतः जुलै 1932 च्या निवडणुकीत नाझी पक्षाला 230 जागा मिळाल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये त्या 196 वर आल्या. तरीही 30 जानेवारी 1933 रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमले. फॉन पापेन आदींच्या खटपटीने झालेला तो निर्णय होता. ‘डूम्ड’ म्हणताच ही नावे वाक्यातून गळतात आणि जबाबदारीही गळते.

याचा अर्थ हे क्रियापद सर्वत्र वर्ज्य मानावे असा नव्हे. 1912 मध्ये हिमनगावर आदळलेल्या टायटॅनिकच्या पुढील चारांहून अधिक कप्प्यांत पाणी शिरले. तेवढे पाणी पेलून तरंगण्याची तिची रचनाच नव्हती; त्या क्षणापासून जहाज ‘डूम्ड’ होते. परंतु जहाजावर सुमारे 2,200 माणसे आणि बोटींत जागा 1,178 जणांची, हे कोणा दैवाने ठरवले नव्हते. जहाजाचे बुडणे आणि माणसांचे मरणे यांना एकच क्रियापद लावले, तर हा भेद पुसला जातो. म्हणून ‘डूम्ड’चे भाषांतर करताना प्रथम कर्ता शोधावा. तो सापडलाच नाही, तरच ‘अटळ’ लिहावे.