वाचनालयाची आंतली खोली



सायंकाळीं गांवच्या वाचनालयांत गेलें म्हणजे वर्तमानपत्रांच्या मेजाभोंवतीं दाटी दिसते. नव्या कादंबऱ्यांसाठीं देवघेवीच्या खिडकीशीं मंडळी उभी असतात. परंतु आंतल्या खोलींत जीं जुनीं पुस्तकें असतात, त्यांच्याकडे सहसा कोणी फिरकत नाहीं. ह्या आंतल्या खोलीविषयींच आज आपणांशीं चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयें अव्वल इंग्रजींत निघालीं. रत्नागिरीस १८२८ सालीं व पुण्यास १८४८ सालीं अशा संस्था स्थापन झाल्या. पुण्याच्या संस्थेचें नांव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असें होतें, व तिच्या उभारणींत लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांनीं पुढाकार घेतला होता. नांवावरूनच काळाची दृष्टि कळते. नवें ज्ञान इंग्रजी ग्रंथांतून मिळवावयाचें, अशी त्या पिढीची धारणा होती. मराठी पुस्तक वाचावें हें मान्य होतें. तें पुढील पिढ्यांसाठीं जपावें, हा विचार मात्र अद्यापि रुजावयाचा होता.

तो विचार ठाण्यास रुजला. १ जून १८९३ रोजीं तेथें मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. संस्थापकांपैकीं विनायक लक्ष्मण भावे यांस त्या वेळीं बाविसावें वर्ष चालू होतें. केवळ मराठी ग्रंथांचाच संग्रह करावयाचा, असा संस्थेचा बाणा होता. पांच वर्षांनीं, १८९८ सालीं, मुंबईसही मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें. पुढें ह्याच भाव्यांनीं 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास सिद्ध केला. ज्यानें ग्रंथ जमविले त्याच्याच हातून इतिहास लिहिला जावा, हा केवळ योगायोग असें मला वाटत नाहीं.

जपणुकीचें मोल काय, ह्याचीं दोन उदाहरणें देतों. सुरतेस १८८१ सालीं एका तरुण विधवेवर बालहत्येचा खटला चालला, आणि त्या निमित्तानें वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर आग पाखडण्यांत आली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक लिहून तिला सडेतोड उत्तर दिलें. तें १८८२ सालीं पुण्यांत छापलें गेलें. महात्मा जोतीराव फुले यांनीं त्याची पाठराखण केली. पण पुढें तें जवळजवळ विस्मृतींत गेलें. शेवटीं १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें संपादिलें आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानें पुनः प्रसिद्ध केलें. कोठें तरी एक प्रत टिकली, म्हणून एका स्त्रीचा आवाज नव्वद वर्षांनंतर पुनः ऐकूं आला.

दुसरें उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचें. दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस गेलेला हा भिक्षुक सत्तावनच्या धामधुमींत सांपडला, आणि झांशीचा वेढा त्यानें आंत राहून पाहिला. त्याचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं छापला, परंतु बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत राहिलें, म्हणूनच १९६६ सालीं दत्तो वामन पोतदार यांना मूळ पाठ लोकांपुढें ठेवतां आला.

आतां एक कबुली देतों. मी नुकताच शिक्षक झालों होतों, तेव्हां एका तालुक्याच्या वाचनालयांतून त्या भागाचें वर्णन करणारें एक जुनें पुस्तक मीं घरीं नेलें. लवकरच बदली झाली. सामानाच्या गडबडींत तें परत करावयास एका स्नेह्यापाशीं दिलें; तें पोंचलें नाहीं. मीं किंमत भरली आणि नोंदवहींत 'वसूल' असा शेरा पडला. निवृत्तीनंतर त्याच गांवची हकीकत लिहावयास बसलों, तेव्हां तेंच पुस्तक पाहिजे होतें. तीन शहरांतील संग्रह धुंडाळले, मिळालें नाहीं. पैसे भरल्याची पावती मजपाशीं आहे. पुस्तक मात्र कोठें नाहीं.

१९६७ सालीं महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला व मान्यताप्राप्त वाचनालयांस सरकारी अनुदान मिळूं लागलें. पण अनुदानानें कपाट येतें, वाचक येत नाहीं. जें पुस्तक कोणी मागत नाहीं, त्याची धूळ कोणी झाडीत नाहीं. आणि जागेची अडचण पडली कीं काढून टाकण्याच्या यादींत पहिलें नांव त्याचेंच लागतें.

म्हणून विनंती एवढीच. आपल्या वाचनालयांत व्याख्यानें होतात, मुलांसाठीं कथाकथन होतें, महिलांचीं वाचनमंडळें भरतात. त्यांत महिन्याकांठीं एक जुनें पुस्तक वाचावयास घ्या. प्रारंभ वरील दोन पुस्तकांनीं करावा. तिसरें लक्ष्मीबाई टिळकांचें 'स्मृतिचित्रें' घ्यावें. तें घरांतील आजींनीं मोठ्यानें वाचावें व नातवंडांनीं ऐकावें, इतकें तें प्रसन्न आहे. त्यानंतर आंतल्या खोलींत जाऊन आपल्याच गांवासंबंधीं काय आहे, तें ग्रंथपालांस विचारावें.

आणि घरीं नेलेलें पुस्तक स्वतःच्या हातानें परत करावें. दुसऱ्याच्या हातीं देऊं नये.