पावलांच्या आवाजाला देह देणारा चित्रकार

रात्री एकट्यानं वाटेला लागावं, तर मागून कुणाची तरी पावलं वाजू लागतात. आपण थांबलो की तीही थांबतात. अशा वेळी आपल्याकडे रामरक्षा म्हणतात. जपानात मात्र रस्त्याच्या कडेला सरून 'बेतोबेतो-सान, आपण पुढं व्हा' असं अदबीनं म्हणायचं, म्हणजे तो पावलांचा धनी निघून जातो. या बेतोबेतोला कुणी पाहिलं नव्हतं. तो होता नुसता आवाज. शिगेरू मिझुकी या चित्रकारानं त्याला रूप दिलं: गोल गरगरीत पारदर्शक अंग, तोंडभर हसू, खाली दोन पाय आणि पायांत लाकडी खडावा!

मिझुकी यांचा जन्म १९२२ सालचा. समुद्रकाठच्या साकाइमिनातो गावी ते वाढले. शाळेत उशिरा पोचणारा, गणितात कच्चा असा हा मुलगा; पण घरी येणाऱ्या एका गरीब म्हातारीपाशी तासन् तास बसे. देवदेव करणारी म्हणून तिला 'नोन्नोन आजी' म्हणत. तक्तपोशीवरचा डाग दाखवून ती सांगे, "रात्री तक्तपोशी चाटणारा येऊन गेला बरं का!" मुलगा त्या डागाकडं बघत राही. त्याची खरी शाळा हीच, असं मला वाटतं.

१९४३ साली सैन्यात भरती होऊन ते न्यू ब्रिटन बेटावर रबाउल इथं गेले. तुकडी कापली गेली, आणि ते एकटे जंगलातून पळत सुटले. काळोखात पुढं पाऊलच पडेना. जणू न दिसणारी भिंत आडवी आली. पुढं त्यांनी म्हटलं, की ती 'नुरिकाबे' होती. आपल्या चकव्याची ही बहीणच म्हणा ना! त्यानंतर हिवतापानं पडले असताना विमानहल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. तिथल्या टोलाई लोकांनी त्यांना जीव लावला, इथंच राहा म्हणाले. पण ते मायदेशी परतले.

एका हातानं चित्रं काढून पोट भरायचं होतं. जपानात तेव्हा सायकलवर चित्रांची पेटी बांधून गल्लोगल्ली गोष्ट सांगणारे लोक असत. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीची आठवण यावी असे. त्यांच्यासाठी मिझुकींनी चित्रं रंगवली. तो धंदा बसला, तेव्हा भाड्यानं मिळणाऱ्या चित्रपुस्तकांकडं वळले. स्मशानात जन्मलेला एकाक्ष मुलगा किटारो याच्या गोष्टी मूळच्या युद्धापूर्वीच्या, दुसऱ्याच्या. १९६० पासून मिझुकींनी त्या नव्यानं रचल्या. तरी नाव व्हायला चाळिशी उलटावी लागली. १९६८ साली किटारो दूरचित्रवाणीवर आला आणि घराघरांत पोचला.

भुताखेतांची चित्रं जपानात जुनीच. तोरियामा सेकिएन याचा संग्रह १७७६ सालचा आहे. पण लोककथांचे अभ्यासक यानागिता कुनियो यांनी खेड्यापाड्यांतून टिपलेली कितीतरी नावं दोन-चार ओळींपुरतीच होती. नुरिकाबे त्यांतलीच. मिझुकींनी तिला डोळे दिले, जाडजूड अंग दिलं.

मला इथं थोडी रुखरुख वाटते. पूर्वी प्रत्येक पोराचा बेतोबेतो ज्याचा त्याचा होता. आता साऱ्यांचा एकच, पुस्तकातला. पण सांगणाऱ्या आज्याच गेल्यावर नाव तरी कुणी घेतलं असतं?

मिझुकी २०१५ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी वारले. साकाइमिनातोच्या रस्त्यावर आज या मंडळींचे दीडशेहून अधिक कांस्यपुतळे उभे आहेत. त्यांत नोन्नोन आजीही आहे, आणि तिच्याजवळ लहानगा शिगेरू.