‘भारतीय’ बालसिऱ्होसिस : वंशाधारित निदानाचा एक इतिहास

प्रस्तावना :
रोगनिदान करताना रुग्णाच्या वंशाला अथवा समाजाला किती महत्त्व द्यावे, हा वैद्यकाच्या इतिहासातील जुना प्रश्न आहे. यकृतविकाराच्या संदर्भात महाराष्ट्रात त्याचे जे उत्तर मिळाले, त्याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नाव आणि समज :
इ. स. १८८७ मध्ये कलकत्त्यात सेन यांनी बालकांच्या एका घातक यकृतविकाराची नोंद केली. साधारणतः एक ते तीन वर्षांच्या मुलाचे यकृत वाढून टणक होई, पोट फुगे आणि बहुतेक मुले दगावत. पुढे हा विकार ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ या नावाने रूढ झाला. बहुसंख्य रुग्ण हिंदू कुटुंबांतील असत आणि एकाच घरातील भावंडे बळी पडत. त्यामुळे रोगाचे मूळ आनुवंशिकतेत असावे, हा समज बळावला.

पुण्यातील संशोधन :
१९७० च्या दशकाच्या अखेरीस अशा मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतिशय वाढलेले आढळले. त्यानंतर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ एम. एस. टॅनर यांचे लक्ष स्वयंपाकघराकडे वळले. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधात तांबे उतरते आणि दुधातील केसिन ते धरून ठेवते. आईच्या दुधाऐवजी असे वरचे दूध लवकर सुरू झालेल्या अर्भकांना त्याची बाधा होई. स्टीलची भांडी घरोघरी आली आणि हा आजार दुर्मिळ झाला.

टायरोलची साक्ष :
ऑस्ट्रियातील टायरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात अशाच विकाराने १३८ बालके दगावल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापवले जाई. आनुवंशिक दुर्बलतेचा वाटा तेथील अभ्यासकांनी नाकारला नाही. तथापि भांडी बदलताच रोग ओसरला. ‘भारतीय’ हे विशेषण त्यामुळे अपुरे ठरले.

समारोप :
समाजनिहाय फरक निरर्थक असतात, असे यावरून म्हणता येत नाही. भारतीयांत कमी वजनावरही मेदवृद्धी आढळते. म्हणूनच २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी स्थूलतेसाठी देहवस्तुमान निर्देशांकाची मर्यादा ३० ऐवजी २५ मानली. मात्र असा फरक दिसल्यावर त्याचे कारण शोधणे आवश्यक असते. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू भाषक समाज शेजारी नांदणाऱ्या सोलापूरसारख्या शहरात हे भान विशेष गरजेचे आहे. ‘हा रोग अमुक समाजाचा’ असे मानणाऱ्या डॉक्टरकडून त्या समाजाबाहेरील रुग्णाचे निदान हुकू शकते आणि त्या समाजातील रुग्णाच्या घरी दूध कशात तापते, हे विचारायचेही राहून जाते.